कोठीघरातली शर्यत

एप्रिल अर्धा सरला की रिसोडचं ऊन घरात शिरायला बघतं. दारं लावा, खिडक्यांना ओली गोणपाटं बांधा, फरशीवर पाणी मारा. कुठल्या तरी फटीतून एक पांढरी रेघ आत येतेच आणि दुपारभर भिंतीवर सरकत राहते. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बाजारात सोयाबीनची पोती ताडपत्रीखाली पडून असतात. कुत्री नालीच्या ओलाव्यात पोट टेकून झोपतात. आणि कुठल्या तरी घरातून उडदाच्या पिठाचा, पापडखाराचा तो उग्र वास येतो. आता बहुतेकींचे पापड बचत गटाच्या बायका करून देतात, पण वास अजून तोच आहे.

यंदा नात सुटीला आली आहे पुण्याहून. परीक्षा संपली, आता दुपारी पडदे ओढून घेते आणि मोबाईलवर एक खेळ खेळते. एक चेंडू अरुंद भिंतीवरून न्यायचा. जरा तोल गेला की खाली, आणि पुन्हा अगदी पहिल्यापासून. मध्येच ती किंचाळते, उशीत तोंड खुपसते, मोबाईल पलंगावर आपटते. मग पाचेक मिनिटं छताकडे बघत पडते आणि हात हळूच पुन्हा मोबाईलकडे जातो.

"आजी, ज्यानं हा गेम बनवलाय ना, त्याला मुद्दाम माणसांचा छळच करायचा होता," ती परवा म्हणाली.

"मग सोड की."

"आता कशी सोडू? आत्ताच तर जमत आलं होतं!"

तिची आई स्वयंपाकघरातून ओरडली, "डोळे जातील एक दिवस!" मला ते "जमत आलं होतं" ऐकून हसू आलं होतं. हेच वाक्य मी याच गावात, याच ऋतूत, एका पन्नाशीच्या बाईच्या तोंडून ऐकलं आहे. "आत्ताच तं जमून राह्यलं होतं वो!" असं. ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.

सत्तरचं दशक संपायला आलं होतं. मी किन्हीराजाहून लग्न होऊन या घरात आले त्याला फार दिवस झाले नव्हते. सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं, बाजारात भुसाराचं दुकान होतं. ज्वारी, तूर, मूग, भुईमूग. घर दोन गल्ल्या अलीकडे. घराच्या मधोमध एक कोठीघर, खिडकी नसलेलं. पोती थप्पीनं रचलेली, त्यांच्यामध्ये बसण्यापुरती जागा. आत गेलं की आधी काहीच दिसायचं नाही, मग हळूहळू पोत्यांच्या शिवणी दिसायला लागायच्या. बाहेर कितीही रखरखाट असो, कोठीघरातली फरशी गार. नव्या तुरीचा वास, सुतळीचा वास, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास. त्या घरात पहिल्यांदा मला माझं वाटलं ते हे कोठीघर.

आत्याबाई या घराच्या मालकीणच होत्या. उंच, सडसडीत, चालताना बांगड्यांचा आवाजसुद्धा होऊ न देणाऱ्या. बोलणं कमी आणि खणखणीत. मामाजी दुकानात भाव ठरवायचे, घरात त्या. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे पीठ घेऊन यायच्या, कारण पापडाचं पीठ किती कुटायचं हे आत्याबाईंच्या उजव्या हाताला कळायचं. नुसतं दाबून सांगायच्या, "झालं." किंवा, "अजून मार खाऊ दे त्याले."

तो हात दिवाळीच्या आधी गेला. सकाळी पूजेची तयारी करता करता हातातलं ताट पडलं, त्या भिंतीला टेकल्या आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. अकोल्याच्या दवाखान्यात महिनाभर होत्या. घरी आल्या तेव्हा काठी धरून चालत होत्या, बोलणं बरंचसं स्पष्ट होतं, पण उजवा हात मांडीवर ठेवला तर तसाच राहायचा, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला होता. दाबत राहा, बोटं हलवत राहा, म्हणाले. आत्याबाईंनी तो चेंडू दोन दिवस उशीजवळ ठेवला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं अंगणात भिरकावला.

"लहान पोट्टी समजले काय मले?"

घरात त्यांच्याभोवती सगळे हळू बोलायला लागले. गल्लीतल्या बायका येऊन डोळ्यांना पदर लावायच्या. "कशी बाई होती वो," असं त्यांच्यासमोरच म्हणायच्या. होती! आत्याबाई भिंतीकडे तोंड फिरवून घ्यायच्या. माझ्याशी बोलणं जवळजवळ नव्हतंच. मी त्यांना घास भरवायला गेले की त्या वाटी डाव्या हातानं दूर सारायच्या. माझ्या हातचं खायची वेळ आली, हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि ते कळत असूनही मला रडू यायचं.

त्यात त्यांनी एकेक पदार्थ सोडायला सुरुवात केली. आमच्या जैन घरात व्रतानं काही सोडणं ही मोठी गोष्ट. कुणी आडकाठी करत नाही, उलट हात जोडतात. आधी तूप सोडलं, मग दूध, मग गूळ. फाल्गुन येईस्तोवर ताटात ज्वारीची भाकर आणि साधं वरण उरलं होतं. तेही अर्धं परत. एकदा मामाजी जेवताना हात थांबवून म्हणाले, "हे व्रत नाई. हा रुसवा आहे. देवाले चालते काय असा?" आत्याबाईंनी ताट बाजूला सारलं. मामाजी पानावरून उठले. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. ही बाई हळूहळू निघून चालली होती आणि कुणाला तिला अडवता येत नव्हतं.

अशा घरात सतीश आला.

सतीश म्हणजे मामाजींच्या बहिणीचा मुलगा. अकोल्यात वाढलेला, अमेरिकेत इंजिनीअर झालेला, आणि आता मुली बघायला देशात आलेला. अंगाला वेगळाच साबणाचा वास, पायात पांढरे कापडी बूट. त्यानं पिशवीतून सगळ्यांसाठी काही ना काही काढलं आणि शेवटी एक पांढरी डबी बाहेर आली. तळहातात मावेल एवढी. वर आगपेटीच्या आकाराची काळी काच, दोन्ही बाजूंना एकेक खटका.

त्यानं खटका दाबला आणि डबी ओरडली, "टीं!" कुणाला काही दिसेना. अंगणात उजेड फार होता. "अंधारात चला," तो म्हणाला, आणि आम्ही सगळे कोठीघरात शिरलो. तिथे त्या काळ्या काचेवर लाल रेघा उमटल्या. निखाऱ्यासारख्या लाल, बारीक. खालची रेघ म्हणजे आपली मोटर. समोरून दुसऱ्या मोटारी येणार. डाव्या अंगठ्यानं आपली मोटर डावी-उजवी करायची, उजव्या अंगठ्यानं गेर टाकायचा, म्हणजे वेग वाढवायचा-कमी करायचा. धडकलो की मोटर मागे ढकलली जाणार. ठरलेल्या वेळात चार फेऱ्या पुऱ्या केल्या तर जिंकलो.

आज हे सांगताना नात माझ्याकडे दयेनं बघते. नुसत्या रेघा? पण ज्या गावात कुणी टीव्ही पाहिलेला नव्हता, तिथे काचेत प्रकाश हलत होता आणि तो आपल्या अंगठ्याचं ऐकत होता.

आत्याबाईंची खाट कोठीघराच्या दाराला लागूनच होती. त्यांनी तिथूनच विचारलं, "त्यात कोणी मरते काय रे?"

"नाही मामी," सतीश म्हणाला. "कुणी मरत नाही. नुसतं चुकवत जायचं."

"चुकवाचं असन तं ठीक आहे." आणि डोळे मिटले.

पुढचे काही दिवस आमच्या घरातले पुरुष वेडे झाले. आमचे हे दुकानातून जेवायला आले की ताटाआधी डबी मागायचे. दुसऱ्या फेरीत धडक, तिसऱ्या फेरीत धडक, आणि वेळ संपली की डबी अशी काही चिरकायची की वाटावं, आपल्याला हसते आहे. हे कपाळावर हात मारायचे. शेजारचे वकीलसाहेब सहज डोकावायला म्हणून आले आणि चहा गार होईपर्यंत हलले नाहीत. सतीशलासुद्धा चौथी फेरी कधी पुरी करता आली नव्हती. "तिकडे पोरं रडतात याच्यापायी," तो म्हणायचा. मग तो अमरावती-नागपूरकडे मुली बघायला निघून गेला आणि जाताना डबी ठेवून गेला.

एका दुपारी हे कोठीघरात बसून खेळत होते. धडक झाली. यांनी शिवी गिळली. खाटेवरून आवाज आला, "समोर दोन दोन मोटारी दिसून राह्यल्या अन् तू मोठा गेर टाकतं. आपटशीन नाई तं काय?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. त्या इतके दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या, पण कान आणि डोळे इकडेच होते तर!

हे दुकानात गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. नावानं. "सुनंदा, आण ते डब्बी."

मी त्यांना कोठीघरात नेलं, पोत्याला टेकवून बसवलं. डाव्या हातात डबी दिली. डावा अंगठा मोटर हलवू लागला, पण गेर कोण टाकणार? मोटर पहिल्या गेरमध्ये रडत-रखडत चालली आणि एकही फेरी धड झाली नाही. डबी चिरकली. आत्याबाईंचा चेहरा मला अंधारात दिसला, आणि मला वाटलं, आता चेंडूसारखी हीसुद्धा जाणार अंगणात. त्यांनी हात उचललाही होता. मग थांबल्या.

"तू गेर टाक," म्हणाल्या. "मी सांगतो तसा."

अशी आमची शर्यत सुरू झाली. एक डबी, दोन बायका. मी त्यांच्या उजव्या अंगाला चिकटून बसायची. एवढ्या जवळ मी त्यांच्या कधी बसले नव्हते. त्यांच्या केसांतल्या खोबरेलाचा वास यायचा. "वाढव," त्या म्हणायच्या. "वाढव... कमी कर. कमी कर! हाऽ, गेलं."

दुपारची जेवणं झाली, घर निजलं की आम्ही कोठीघरात. काही दिवसांत आमची मोटर दुसरी फेरी पार करू लागली. मला रात्री डोळे मिटले तरी लाल रेघा दिसायच्या. भाकरी थापताना तवा दिसायच्या ऐवजी वाट दिसायची. आत्याबाई सकाळी डोळे मिटून सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसायच्या, एकदम स्थिर. एकदा मी पाहिलं, त्यांचा डावा अंगठा मांडीवर हळूहळू सरकत होता. डावीकडे, मध्ये, उजवीकडे. मी तोंडात पदर कोंबून तिथून पळाले.

आणि एके दिवशी आमचं भांडण झालं. तिसरी फेरी संपत आली होती. माझ्याकडून गेर उशिरा पडला आणि धडक झाली.

"तुले कमी कर म्हटलं तं तू वाढवतं! कान किन्हीराजाले ठेवून आली काय?"

"तुमी सांगता उशिरा, मंग मी काय करू?" माझ्या तोंडून निघून गेलं. "मोटर आपटल्यावर सांगता, कमी कर!"

बोलले आणि जीभ चावली. त्या घरात आत्याबाईंना असं उत्तर यांनीसुद्धा दिलं नसेल. आत्याबाई माझ्याकडे वळल्या. ओढलेलं तोंड थोडं हललं. मला वाटलं त्या रडताहेत. त्या हसत होत्या. आधी आवाज न करता, मग खोकला येईपर्यंत.

"तोंड आहे म्हणा तुले," त्या म्हणाल्या. "मले वाटे, मुकी पोरगी आणली."

त्यानंतर आमच्यात काय काय बोलणं झालं, ते आता सगळं आठवत नाही. दोन धडकांच्या मधल्या वेळात त्यांनी मला त्यांच्या माहेरचं सांगितलं. केनवडच्या बाजाराला वडिलांबरोबर बैलगाडीत जायच्या आणि वडील झोपले की कासरा आत्याबाईंच्या हातात. "उतारावर पोट्टे बैल पळवत. मी नाई. उतारावर धरून ठेवाव लागते, मंग चढावर सोडाव लागते." आणि मग स्वतःच थबकल्या. "अवं, आपून सगळं उलटं करून राह्यलो! गर्दी दिसली का गेर खाली, मोकळं दिसलं का वरतं. धडकल्यावर नाई, धडकाच्या आधी." त्या दिवशी आम्ही तिसरी फेरी पुरी केली. मी आनंदानं त्यांच्या गळ्यातच पडले. त्यांनी मला ढकललं नाही.

जेवायला बसल्यावर त्या दुपारच्या नादातच म्हणाल्या, "गूळ घाल वं थोडासा वरणात. उपाशी पोटी डोकं चालत नाई." मी गूळ आणायला उठले तेव्हा मामाजींनी घास तोंडाशी धरून ठेवला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवया वर केल्या. मी कोठीघराकडे बोट केलं. त्यांना काहीच कळलं नाही, पण त्यांनी कळल्यासारखी मान हलवली.

पण आत्याबाईंना तेवढ्यावर समाधान नव्हतं. "दोघींनी जिंकली तं कोण जिंकली?" त्या म्हणाल्या. "सोड गेर."

मी गेर सोडला. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, डबीखाली ठेवला, अंगठा खटक्यावर बसवला. "चाल," त्या अंगठ्याला म्हणाल्या. अंगठा हलला नाही. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. समोरून लाल रेघा येत राहिल्या, धडकत राहिल्या, डबी चिरकत राहिली. त्या दिवशी त्या रागानं रडल्या. मी डबी काढून घ्यायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "हात लावू नको."

तो काळ मला अजून नीट आठवतो. बाहेर चैत्र संपून वैशाख लागला. झाडांची पानं उन्हानं वळली. आणि आत अंधारात एक बाई एका अंगठ्याशी भांडत बसलेली. काही दिवस नुसता थरथरायचा. मग एका दुपारी खटका अर्धवट सरकला आणि परत आला. "पाह्यलं काय तू? पाह्यलं काय?" मी पाहिलं होतं. मग हळूहळू एका गेरवरून दुसऱ्यावर जाऊ लागला, पण परत यायचा नाही. मोटर वेगात जाऊन सपाटून आपटायची. आत्याबाई दात ओठ खायच्या, डबीला नको नको ते बोलायच्या, आणि खटका पुन्हा सुरुवातीला आणायच्या. "आत्ताच तं जमून राह्यलं होतं वो!"

मध्येच एकदा ऐन शर्यतीत रेघा फिक्या झाल्या आणि काच काळी पडली. सेल संपला होता. तो चौकोनी सेल बाजारात तेव्हा नव्हता, आमच्याकडच्या मालेगावहून मागवावा लागेल, म्हणाले. आत्याबाईंचं तोंड एवढंसं झालं. मामाजी आत गेले. संध्याकाळी सात वाजता त्यांचा छोटा ट्रान्झिस्टर कानाशी नसला तर त्यांना जेवण जात नसे. त्यांनी ट्रान्झिस्टरचं झाकण उघडलं, सेल काढला, आणि माझ्या हातात ठेवला. "बातम्या काय, उद्याही होतीनच," म्हणाले. बरेच दिवस ते वकीलसाहेबांच्या ओट्यावर जाऊन बातम्या ऐकत होते.

सतीश परत आला तेव्हा त्याचं लग्न अमरावतीला ठरलं होतं. त्यानं पेढे ठेवून मामींना वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वादाला उजवा हात उचलला. छातीपर्यंतच आला, पण आला. सतीश बघतच राहिला. त्याला कोठीघरातलं सगळं मी सांगितलं. तो म्हणाला, "मामी, डबी तुम्हीच ठेवा." त्या म्हणाल्या, "ठेवतोच आहे. जिंकल्याबिगर देणारबी नव्हती."

पुढे अकोल्याचे डॉक्टर बोटं तपासून म्हणाले, चेंडूचा चांगला उपयोग झाला. आत्याबाईंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. आम्ही दोघींनी त्यांना काही सांगितलं नाही.

मी पुष्कळदा विचार केला आहे, चेंडूनं जे झालं नाही ते त्या डबीनं कसं झालं? आता म्हातारपणी मला वाटतं, त्या घरात त्या वेळी एक ती डबीच होती जिला आत्याबाईंची दया येत नव्हती. आम्ही सगळे त्यांना जपत होतो. आवाज खाली, ताट समोर, चुकलं तरी "राहू द्या". डबी कसली राहू देते! अंगठा उशिरा हलला, हरलात. आजारी आहात, तरी हरलात. तिच्यासमोर आत्याबाई पुन्हा पूर्ण माणूस होत्या, हरू शकणाऱ्या आणि म्हणून जिंकूही शकणाऱ्या. नात मोबाईल आपटते तेव्हा तिची आई चिडते. मी मनात म्हणते, आपटू दे. कुणी तरी तिला सोपं करून देत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे.

तो हात पूर्ण मात्र कधीच आला नाही. पीठ कुटणं जमलं नाही, लिहिणं वाकडंतिकडं राहिलं. पण त्या पुष्कळ वर्षं जगल्या, त्याच हातानं माझ्या मुलांना न्हाऊ घातलं, आणि सोडलेलं तूप चांगलं बोट बोट खाल्लं. हे सगळं नंतरचं. मला विचाराल तर त्या उन्हाळ्याची आठवण येते ती पापडाच्या एका दुपारीच.

गल्लीतल्या बायका अंगणात मांडवाखाली पोळपाट घेऊन बसल्या होत्या. त्या वर्षी आत्याबाईंनी सगळ्यांना मुद्दाम निरोप पाठवून बोलावलं होतं. सकाळी प्रत्येकीचा पिठाचा गोळा त्यांनी डाव्या हातानं दाबून पाहिला होता आणि म्हणाल्या होत्या, हा हातबी शिकून राह्यला. दुपारी मी तेलाची वाटी घ्यायला कोठीघरात गेले. त्या पोत्याला टेकून खेळत होत्या. मी आल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही. काचेचा लाल उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. मी दारातच थांबले. दोन्ही अंगठे चालत होते. डावा चपळ, उजवा सावकाश, पण वेळेआधी निघणारा. गर्दी दिसली की खाली, मोकळं दिसलं की वर. तिसरी फेरी गेली. चौथी सुरू झाली. समोरून रेघा आल्या, मोटर मध्ये सरकली, डावीकडे, परत मध्ये...

डबी चिरकली नाही. तिनं एक छोटंसं गाणं वाजवलं. "टिं टिं टिं टीं!" ते आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. सतीशनंसुद्धा नाही.

आत्याबाई डबीकडे बघत राहिल्या. मग मान वर केली. "जा," मला म्हणाल्या, "यायले बोलावून आण."

मी मामाजींना बोलवायला पळाले. डोक्यावरचा पदर घसरला, हाताला पीठ, पाय भाजत होते. रखरखीत उन्हात त्या वेळी रस्त्यावर मी एकटीच. दुकानात मामाजी गादीवर बसले होते, समोर दोन-तीन शेतकरी. त्यांनी मला लांबूनच पळत येताना पाहिलं.

दिवाळीच्या आधी मी अशीच पळत गेले होते. हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. मामाजींचा चेहरा पांढरा झाला. ते गादीवरून उठले, चपला पायात न घालता माझ्या अंगावरूनच घराकडे धावत सुटले. साठीला आलेला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून. मी मागून ओरडत होते, "मामाजी, चांगलं आहे! चांगलं झालं मामाजी!" भर बाजारात सून ओरडते आहे, दुकानांतून माणसं बाहेर येत आहेत, पण त्यांना ऐकूच जात नव्हतं.

मी पोचले तेव्हा ते कोठीघराच्या चौकटीला धरून उभे होते. धापा टाकत होते. अंधारात त्यांना अजून नीट दिसत नसावं.

"जिंकली मी," आतून आवाज आला.

मामाजी चौकटीवरच खाली बसले. त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. अंगणातल्या बायका लाटणी हातात घेऊन धावत आल्या होत्या. "काय झालं वो? काय झालं?"

"काई नाई झालं," आत्याबाई म्हणाल्या. "रडता काहून? जिंकली म्हणून राह्यली नं मी."

"मले वाटलं..." मामाजी टोपीआडून म्हणाले.

"तुमाले जे वाटलं ते मलेई वाटत होतं. दिवाळीपासून." त्यांनी डबी मांडीवर ठेवली. "आता नाई वाटत."

एका बाईच्या हातातून लाटणं पडलं आणि फरशीवर गडगडत गेलं. मामाजींनी टोपीनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि घसा खाकरून दुकानदारी आवाजात म्हणाले, "दाखव बरं."

आत्याबाईंनी पुन्हा शर्यत सुरू केली. आम्ही सगळ्या त्यांच्याभोवती वाकलो. पहिल्याच फेरीत धडक, मग अजून एक. डबी नेहमीसारखी चिरकली. त्या इतक्या मोकळ्या हसल्या की तोंड वाकडं आहे की सरळ, हे कुणाला बघायचं सुचलं नाही.

"सरका," मामाजी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुकानाच्या वेळात घरी, पोत्याला टेकून, बायकोशेजारी बसले. त्यांनी डबी धरली. लाल रेघा येऊ लागल्या.

"अहो, डावीकडे! डावीकडे म्हटलं नं! गर्दी नाई दिसत काय तुमाले? गेर कमी करा, कमी करा... गेलं! आता पाह्यता काय मायाकडे? पुन्हा लावा!"

दिवाळीपासून खाली गेलेला तो खणखणीत आवाज त्या दुपारी गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.